चाकांवरची ओसरी

मी छावणीत राहते असे परगावी कोणाला सांगितले की समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे एकदम बंदुका आणि बिगुल उभे राहतात. "म्हणजे यजमान लष्करात का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला! यजमान विमा कचेरीत आहेत, आणि बिगुलापेक्षा दर गुरुवारच्या बाजाराचा गलबलाच आमच्या कानांवर अधिक पडतो. एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटच्या पलटणी येथे असत, म्हणून हे नाव. पुढे राज्ये बदलली, २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. पण खाम नदीचा पूल ओलांडून रिक्षावाल्याला "छावणी" म्हटले की तो आजही बरोबर आणून सोडतो.

आता खरे पाहता 'छावणी' हा शब्द मुळात छपराचा आहे. छावणे म्हणजे आच्छादणे, शाकारणे. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीवर निघत, आणि पावसाळा तोंडावर आला की एखाद्या सोयीच्या ठिकाणी छपरे घालून चार महिने मुक्काम करीत. तो मुक्काम म्हणजे छावणी. छप्पर आधी आले, शिपाई मागाहून. या सदराच्या वाचकांना माझी शब्द उकरण्याची खोड ठाऊकच आहे. दिवाळी अंकात संपादकांनी जागा जरा ऐसपैस दिली, म्हणून यंदा शब्दाचे बोट धरून एका यंत्रापर्यंत जायचे योजले आहे. यंत्रही छपराचेच आहे.

प्रवासात डोक्यावर छत असावे ही हौस फार जुनी. अबुल फजलाने 'आईने अकबरी'त बादशाही मुक्कामाच्या सामानाची यादी दिली आहे. एका मुक्कामाचे तंबू, कनाती आणि शामियाने वाहायला शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल. ते उभे करायला एक हजार फर्राश! औरंगजेब १६८१ साली दक्षिणेकडे निघाला तो पुन्हा उत्तरेत परतला नाही. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला, आणि त्या पंचवीस वर्षांतला बराच काळ त्याने तंबूंतच काढला. आमच्या या मुलखाने किती कनाती पाहिल्या असतील त्याची गणती नाही.

सामान्य गृहस्थाच्या हौसेची गोष्ट त्या मानाने अलीकडची. १८८५ साली इंग्लंडात गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त नौदल डॉक्टराने केवळ भटकण्यासाठी घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि तिचे नाव 'वाँडरर' ठेवले. सहलीच्या कॅराव्हॅनचा तो आरंभ समजतात. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ साली जाहीर केले. त्याच्या आगेमागे अशा गाड्या भाड्याने मिळू लागल्या, आणि हौशी लोक मिनीबसच्या सांगाड्यावर बाक, ओटा, बिछाने बसवून स्वतःच्या घरगाड्या बांधून घेऊ लागले.

त्या हौशी लोकांत आमचे दाजी एक. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकला बँकेत होते. सेवानिवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा लोक फ्लॅट घेतात, हे गृहस्थ जुनी घरगाडी घेऊन दारात उभे! ताई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. आठव्या दिवशी तिने गाडीतल्या ओट्यावर चहा करून पाहिला आणि तह झाला.

गेल्या वैशाखात ती गाडी आमच्या अंगणात आली ती आईसाठी. आई माझ्याकडे असते. वय ऐंशीच्या पुढे, आणि गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारलेला. वडील गेल्यापासून तुळजापूरला जाणे झाले नव्हते. 'एकदा देवीचे पाय पाहायचे' हे तिचे पालुपद होते. आगगाडी, बस, लॉज हे तिला आता झेपण्यासारखे नाही. घरगाडीत स्वतःचा बिछाना आणि स्वतःचे न्हाणीघर! अडचण एकच होती. गाडीची पायरी चांगली दीड फूट उंच. दिवसातून एकदा तिला उतरवावे आणि एकदा चढवावे, त्यापलीकडे कोणाचीही ताकद नाही. मग दिवसभर तिने बसायचे कोठे? दाजींनी गाडीच्या बाजूचे एक बटन दाबले. घुर्र आवाज करीत छताच्या कडेची पेटी उघडली आणि तीन मीटर रुंद, अडीच मीटर खोल असे राखी रंगाचे कापडी छत सावकाश बाहेर आले. खाली खुर्ची मांडली. आई टेकली, वर पाहिले आणि म्हणाली, "अगं, ही तर ओसरी!"

इंग्रजीत याला 'ऑनिंग' म्हणतात आणि आपले कारागीरही तेच म्हणतात. मला आईचा शब्द अधिक नेमका वाटतो. कॅराव्हॅनची खोली केवढी असते? आगगाडीच्या डब्याचा एक कप्पा समजा. चार माणसे आत बसली की पाचव्याने श्वास घ्यायला बाहेर जावे. त्या खोलीचे घर होते ते या छतामुळे. भाजी निवडणे, पत्ते खेळणे, दुपारी लवंडणे हे सगळे त्याच्याखाली. म्हणूनच ते बिघडले की सहलीचा निम्मा जीव जातो.

याची रचना समजायला इंजिनियर व्हावे लागत नाही. पेटीत एक पोकळ रूळ असतो आणि त्यावर कापड गुंडाळलेले असते. कापड ॲक्रिलिकचे, नाही तर प्लास्टिकचा लेप दिलेले. कापडाची मोकळी कड पुढच्या दांडीत अडकवलेली. दांडी आणि पेटी यांच्यामध्ये दोन हात असतात. ते आपल्या हातांसारखेच कोपरात वाकतात, आणि त्यांना स्प्रिंगांचा ताण असतो. दांडीतून दोन पाय खाली उतरवून जमिनीवर टेकवायचे, की मांडव उभा राहिला. मोटार कापड बाहेर ढकलते अशी पुष्कळांची समजूत असते. ते काम स्प्रिंगांचे. उघडताना मोटार फक्त रूळ सैल सोडीत जाते. मिटताना मात्र तिला स्प्रिंगांशी झगडून कापड ओढून घ्यावे लागते. म्हणूनच सकाळी सुरळीत उघडलेले छत संध्याकाळी मिटताना अडते. बॅटरी थकली असेल, एखादी तार सैल असेल, तर ते कळते मिटतानाच. आणि मिटवायची घाई असते ती वारा सुटला म्हणून!

मोटार बारा व्होल्टची, गाडीच्या बॅटरीवर चालणारी. बटन एका अंगाला दाबले की विजेचा प्रवाह एका दिशेने जातो, दुसऱ्या अंगाला दाबले की उलट. प्रवाह उलटला की मोटार उलटी फिरते. बहुतेक गाड्यांत बटन आणि मोटार यांच्यामध्ये रिले नावाचा चिमुकला भाग बसवलेला असतो. बटनाचा निरोप मोटारीला पोहोचवताना तो 'टक्' असा आवाज करतो. हा 'टक्' लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

निघायला दोन दिवस होते. दुपारी चारच्या सुमारास दौलताबादच्या बाजूने आभाळ काळेनिळे झाले. वैशाखातला वळीव आमच्याकडे आधी धूळ पाठवतो, मग वारा, आणि सर्वांत शेवटी पाऊस. आईला आम्ही घरात आणून बसवले आणि दाजींनी बटन दाबले. छत जागचे हलेना. पुन्हा दाबले. दहा वेळा दाबले. कडुनिंबाच्या फांद्या डोलू लागल्या, कापड शिडासारखे फुगू लागले. अशा छतांना हाताने फिरवायचा दांडा मिळतो. मोटार रुसली की तो पेटीच्या कडीत अडकवून रूळ फिरवायचा. दाजींनी तो नीट तेलपाणी करून, कागदात गुंडाळून नाशिकला कपाटावर ठेवला होता.

मी माहितीपुस्तिका उघडली. दोषनिवारणाचे पान सापडले तसे एकेक वाचत गेले. गाडीची किल्ली सुरू आहे का? कित्येक गाड्यांत किल्ली सुरू असली की छत हलत नाही. चालत्या गाडीत ते उघडू नये म्हणून केलेली ती सोय आहे. किल्ली बंदच होती. बॅटरीचा मुख्य खटका? चालू. बॅटरी? मीटरवर साडेबारा व्होल्ट, म्हणजे उत्तम. फ्यूज? काढून पाहिला, तार शाबूत. मग दाजींना म्हटले, "एकदाच दाबा, आणि सगळे गप्प राहा." टक्! म्हणजे निरोप रिलेपर्यंत पोहोचत होता. त्याच्या पुढे काहीतरी अडले होते. पुस्तिकेत यापुढे एकच ओळ होती : कुशल कारागिराला बोलवावे.

छावणीत कुशल कारागिरांना तोटा नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारींच्या वायरिंगचे काम करणारे एक वयस्क चाचा आहेत. अर्ध्या छावणीच्या स्कूटर त्यांच्या हातून गेल्या आहेत. माझा मुलगा त्यांना मागे बसवून घेऊन आला. त्यांनी आधी दाजींचा हात बटनावरून बाजूला केला. "साहब, बटन पे बटन नक्को दबाव. मोटर गरम होको बैठ जाती." ते खरेच आहे. या मोटारींत फार तापल्या तर आपोआप बंद पडण्याची योजना असते, आणि मग वीसेक मिनिटे तरी त्यांना निवू द्यावे लागते. घाबरून बटन दाबत बसणारा माणूस एका बिघाडाचे दोन करतो.

चाचांपाशी मीटर नव्हता. एक बारा व्होल्टचा बल्ब आणि त्याला दोन तारा, एवढेच हत्यार. आसनाखालची पेटी उघडून त्यांनी बल्बची एक तार येणाऱ्या विजेला लावली, दुसरी तेथल्या अर्थच्या तारेला. बल्ब लख्ख पेटला. दाजी म्हणाले, "बघा, वीज तर आहे!" चाचा म्हणाले, "अब बटन दबाव." बटन दाबले मात्र, बल्ब मरगळून विझला. मग त्यांनी दुसरी तार काढून गाडीच्या सांगाड्यावर खरवडून स्वच्छ केलेल्या जागी टेकवली आणि पुन्हा बटन दाबायला लावले. या वेळी बल्ब तसाच तेवत राहिला.

याचा अर्थ सोपा आहे. मोटारगाडीत वीज बॅटरीतून तारेने जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. उपकरणाला सांगाड्याशी जोडणारी तार म्हणजे अर्थ. ती जेथे बोल्टाने आवळलेली असते तेथे गंज चढला की वाट अरुंद होते. बल्बाची किंवा रिलेची भूक थोडी. त्यांचे त्या अरुंद वाटेने भागते. मोटारीची भूक मोठी, ती उपाशी राहते. म्हणून निवांत असताना सारे ठीक दिसते आणि भार पडला की उघडे पडते. आमच्या कॉलेजातल्या कित्येक कमिट्या मला त्या क्षणी आठवल्या. पण तो विषय निराळा.

चाचांनी तारेचा एक तुकडा घेऊन पेटीतला अर्थ सांगाड्याच्या स्वच्छ जागेशी जोडला. दांडीचे पाय वर घेतले, दाजी आणि माझा मुलगा दोन्ही टोकांना दांडी धरून उभे राहिले. बटन दाबताच घुर्र आवाज झाला, छत आत जाऊ लागले. पेटीचे झाकण बसले आणि थोड्याच वेळात टपोरे थेंब पडू लागले. दुसऱ्या दिवशी चाचांनी जुना बोल्ट काढून गंज खरवडला, नवे टोक बसवले, वरून ग्रीस फासले. पैसे घेतले ते इतके थोडे की दाजींना अवघडल्यासारखे झाले.

पण दाजींचे मन खट्टू झाले होते. रात्री ते म्हणाले, "आईंना यात नेणे काही खरे नाही. वाटेत असे झाले तर? हे लटांबर मी विकून टाकतो." ताई काही बोलली नाही, मीही गप्प राहिले, कारण त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. आई मात्र भिंतीला टेकून म्हणाली, "जावईबापू, तुमच्या सासऱ्यांच्या घराची ओसरी दर पावसाळ्यात गळायची. म्हणून कोणी घर विकले नाही. शाकारायला माणूस बोलवायचा." आणि दोन दिवसांनी आम्ही तुळजापूरला गेलो. देवळाच्या गर्दीत आईला आमच्या खांद्यांचा आधार लागला. बाकी चारही दिवस तिने त्या राखी छताखाली खुर्ची टाकून काढले. नाशिकचा तो दांडाही कुरियरने येऊन आमच्यासोबत होता.

आता ज्यांच्या घरी अशी गाडी आहे, किंवा जे या सुटीत भाड्याने घेणार आहेत, त्यांच्यासाठी हा अनुभव थोडा सोडवून मांडते.

छत हलेना, तर आधी हात थांबवावा आणि कान उघडावे. 'टक्' ऐकू येत नसेल तर किल्ली, मुख्य खटका, बॅटरी, फ्यूज, बटन या क्रमाने पाहावे. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच क्षमतेचा घालावा. मोठा घातला तर फ्यूजऐवजी तारा जळतात. 'टक्' ऐकू येते पण मोटार मुकी असेल, तर अर्थ, तारांचे जोड आणि शेवटी मोटार. मोटार निवली नसेल हेही ध्यानात असू द्यावे. छत उघडते पण मिटत नाही असे असेल, तर बॅटरी थकली आहे का ते बटन दाबलेले असताना मोजावे; ती चांगली असेल तर संशय बटनावर किंवा रिलेवर. मोटार गुणगुणते आणि कापड हलत नाही, तर कोठेतरी काडी, फांदी, दोरी अडकली आहे का पाहावे. एक हात लवकर मिटतो आणि दुसरा मागे राहतो, तर कापड रुळावर तिरके चढले आहे. पुन्हा उघडून, सरळ करून सावकाश मिटवावे. उघडताना कापड ताठ झाले की बटन सोडावे. काही जातींत त्यानंतरही बटन दाबून ठेवले तर रूळ फिरतच राहतो आणि कापड उलट्या अंगाने गुंडाळू लागते.

एक गोष्ट मात्र घरी मुळीच करू नये. हातांचे किंवा रुळाचे स्क्रू सोडू नयेत. आतल्या स्प्रिंगांत एवढा ताण असतो की हात सुटला तर माणसाचे हाड मोडेल.

आता वाऱ्याविषयी. काही छतांना वारा ओळखून आपोआप मिटण्याची सोय असते. पण आमच्यासारखा अर्थ गंजला तर ती सोयही आंधळीच. त्यापेक्षा झाडाकडे पाहावे. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदलातल्या अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या. पुढे त्यांना जमिनीवरच्या खुणा जोडण्यात आल्या. चौथ्या पायरीवर, म्हणजे ताशी वीस ते अठ्ठावीस किलोमीटरला, धूळ आणि सुटे कागद उडू लागतात, लहान फांद्या हलतात. ही खूण दिसली की चहाचा कप खाली ठेवून छत मिटवावे. छत उघडे टाकून गावात जाऊ नये, आणि रात्री झोपताना ते मिटलेलेच असावे.

पावसात बसायचे असेल तर एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला वीतभर खाली घ्यावा, म्हणजे पाणी एका कोपऱ्याने वाहून जाईल. सपाट छतावर तळे साचते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर खोल डबके म्हणजे पन्नास लिटर पाणी, म्हणजे तांदळाच्या पोत्याएवढा भार! ओले छत मिटवण्याची वेळ आलीच, तर दुसऱ्या दिवशी ऊन पडताच उघडून वाळवावे. नाही तर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते जन्मभर जात नाहीत. कापड धुवायला मऊ ब्रश, सौम्य साबण आणि कोमट पाणी पुरे. कडुनिंबाचा पाला, निंबोळ्या, पाखरांची शीट मिटण्याआधी झटकून टाकावी.

आणि हा दिवाळीचा अंक आहे म्हणून मुद्दाम लिहिते. या छताखाली स्टोव्ह पेटवू नये, पणत्या मांडू नयेत, आणि फटाके त्याच्या आसपासही नकोत. एक ठिणगी कापडाला भोक पाडायला पुरते. आकाशकंदील लावायचाच असेल तर आत विजेचा दिवा घालून लावावा. राखी कापडाखाली तो फार शोभतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी घरच्या अंगणातच छत एकदा उघडून पुरते मिटवून पाहावे. उघडून पाहणारे पुष्कळ असतात. पाहण्यासारखे असते ते मिटवणे. मोटार बंद आहे असे समजून हाताच्या दांड्यानेही एकदा मिटवावे, आणि ते घरातल्या तरण्या मुलांकडून करवून घ्यावे. मग तो दांडा फराळाच्या डब्याशेजारी ठेवावा. चकल्या विसरल्या तर वाटेत मिळतात.